घारीची झोप

४ फेब्रुवारी, रविवार

दादा,

आधी काय बिघडतं: डोळे, झोप की मन? मला उत्तर येत नाही. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि तीही डोळे तपासण्याच्या विषयातली. तरी येत नाही. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिघंही एकमेकांचा हात धरून खड्ड्यात उतरतात. पहिला कोण उतरला ते शोधत बसू नकोस. ज्याचा हात लागेल त्याला आधी वर ओढ."

म्हणून ओढतेय, आणि म्हणून तुला लिहितेय. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या खुणा उमटतात आणि विषय संपतो. कागद फाडायचा म्हटला तरी हातात घ्यावा लागतो. तेवढा वेळ मला पुरेल.

मुद्द्याचं आधी. आई तुझ्यासाठी रडत नाही.

नीट वाच. तू बाबांशी भांडून गेल्यापासून ते तुला निरोप धाडतायत, की तुझी आई तुझ्या नावाने रडून रडून डोळे घालवणार. मागच्या खेपेला तू त्यांना सुनावलंस, "आईचे अश्रू दाखवून मला परत ओढायचा खेळ बंद करा." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. तुम्ही दोघंही चुकलात. तो खेळ नाही, आणि ते अश्रूही नाहीत. तेव्हा फार हवेत जाऊ नकोस. आणि आतल्या आत अपराधी वाटून घेत असशील, तर तेही पुरे कर.

आईला मी गेल्या आठवड्यात आमच्याकडे नेलं. बाबांना सांगितलं, चष्म्याचा नंबर बघायचाय. मशीनवर तिची हनुवटी टेकवली, डोळ्यांत पिवळा रंग सोडला आणि निळ्या उजेडात पाहिलं. धडधाकट डोळ्यावर ओलाव्याचा पातळ थर असतो, तो पुढच्या वेळी पापणी मिटेपर्यंत सलग राहतो. आईचा थर पापणी उघडताच जागोजाग फाटला. तिचे डोळे कोरडे आहेत, दादा. कोरडेठाक.

"अगं, गालावरून पाणी ओघळतंय माझ्या, आणि तू कोरडे म्हणतेस?" ती म्हणाली. "चार वर्षं हेच शिकलीस होय?"

तिला समजावलं तसंच तुला समजावते. थर फाटला की डोळ्याला झोंबतं. झोंबलं की डोळा घाबरून भसाभसा पाणी सोडतो. ते पाणी डोळ्यावर ठरत नाही, ओघळून जातं, आणि डोळा पुन्हा होता तसाच.

आई कारखान्यात कापड तपासते हे तुला माहीत आहे. कसं तपासते ते तू कधी पाहिलं नाहीस. खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत राहतं. गाठ, डाग, सुटलेला धागा दिसला की तिथे बोट ठेवायचं. पापणी लवली की डाग निसटला, असं पहिल्याच दिवशी बजावतात. त्या बायकांनी त्याचा खेळच केलाय. जेवणाच्या सुट्टीत दोघी समोरासमोर बसतात; जिची पापणी आधी लवेल तिने सगळ्यांचे डबे घासायचे. आईने आजवर एकदाही दुसऱ्याचा डबा घासलेला नाही. म्हणून तर तिला घार म्हणतात. लहानपणी आपण किती मिरवायचो, आमची आई घार आहे!

घार आता झोपेतही पापणी मिटत नाही. तिच्या बुबुळावर खालच्या बाजूला ओरखड्यासारखा आडवा पट्टा दिसला. तो पाहून डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोपेत यांचे डोळे पूर्ण मिटतात का?" मला सांगता येईना, मी स्वयंपाकघरात झोपते. घरी येऊन बाबांना विचारलं. ते कौतुकाने म्हणाले, "छे! अर्धे उघडेच असतात. घार ना ती, घर राखते."

आता तुझ्याकडे येते. आई-बाबा बाहेरच्या खोलीत झोपतात. आईची गादी बरोबर पंख्याखाली. मागांच्या खडखडाटात जन्म काढल्यामुळे बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून टीव्ही मोठ्याने. आणि तो बंद केला की त्यांना जाग येते, म्हणून तो चालूच. त्या अर्ध्या उघड्या डोळ्यांवर रात्रभर वारा आणि उजेड. सकाळी डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या. बाबा म्हणतात, "बघा, रात्रभर रडली."

आणि याच घरात एक खोली आहे, जिचं दार नीट लागतं, जिच्यात रस्त्याचा उजेड येत नाही आणि जिचा पंखा कोपऱ्यात भिंतीवर आहे. जाताना तू तिला कुलूप ठोकलंस आणि किल्ली खिशात घालून गेलास. बाबा कुणाला त्या कुलपाला हात लावू देत नाहीत. स्वतः मात्र दर रविवारी त्यात तेलाचे दोन थेंब सोडतात, गंजू नये म्हणून. "तो आला की तोच उघडेल."

किल्ली पाठव. विनंती करत नाहीये, कळवतेय.

तुझी शेपूट

२६ फेब्रुवारी, सोमवार, जेवणाची सुट्टी

दादा,

किल्ली आली नाही. बाबांच्या फोनवर तुझा मेसेज मात्र आला. "माझ्या खोलीचं कुलूप तसंच राहू द्या." एवढाच. बाबांनी तो मला वाचून दाखवला, आईला वाचून दाखवला, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांनाही वाचून दाखवला. "म्हणजे यायचा विचार आहे त्याचा!" तू नकार पाठवलास, त्यांनी आमंत्रण समजून जपून ठेवलं. इतक्या लांब बसून तू क्रेन चालवतोस, ओझं कुठे टेकतं ते बघणं तुझं रोजचं काम. शब्द कुठे जाऊन पडतो हे तुला कळायला हवं होतं.

इथलं सांगते. गरम फडक्याने पापण्या शेकायच्या, दिवसातून ठरलेल्या वेळी थेंब, झोपताना मलम. आई सगळं निमूट करते. अडली ती एकाच गोष्टीवर. मी म्हटलं, "काम करताना मधून मधून पापणी पूर्ण मिटायची. वरची खालच्या पापणीला टेकली पाहिजे. रोज सराव करायचा."

"पापणी लववायला शिकवतेस मला?" तिचा आवाज चढला. "आयुष्य गेलं माझं ती न लववायला शिकण्यात!"

मला इतकं बरं वाटलं. किती दिवसांनी ती कुणावर तरी चिडली.

मुकादमाने तिला तपासणीवरून काढून घड्या घालायला बसवलंय. "डोळ्यांत सारखं पाणी. डाग दिसायचा कसा?" मी रजा काढून कारखान्यात गेले. त्याला सगळं समजावून सांगितलं, डोळ्यावरचा थर, पापणी, वारा. शेवटी म्हटलं, "तासातून थोडा वेळ डोळे मिटून बसू द्या. तिलाच नाही, सगळ्यांनाच."

"ताई, कापड थांबतं का कुणासाठी?"

"थांबवलं तर थांबतं. ते लाल बटण कशाला बसवलंय मग?"

मागे बायका फिसकन हसल्या. एक जण म्हणाली, "घारीचं पिल्लू गं!" मी छाती फुगवून बाहेर पडले. आई रस्ताभर माझ्या पुढे चालत राहिली. घराशी आल्यावर म्हणाली, "इतक्या वर्षांत त्या कारखान्यात माझ्यासाठी कुणाला बोलावं लागलं नव्हतं." आणि आत गेली.

आणखी एक सापडलं. आईला झोप यावी म्हणून बाबा तिला रोज सर्दीच्या गोळ्या देत होते. गुंगी येते म्हणून औषधांच्या दुकानदाराने सुचवलं होतं. गुंगी येते खरी, पण त्या गोळ्या डोळ्यांतला ओलावाही शोषून घेतात. मी सांगितल्यावर बाबा ते पाकीट हातात धरून किती तरी वेळ बसले. "मी तर तिच्या भल्यासाठी देत होतो गं." मला ओरडायचं होतं. ओरडले नाही. हे तुला मुद्दाम सांगतेय. त्यांच्याशी न भांडताही बोलता येतं.

येत्या महिन्याभरात आई बरी होईल. मी शिकले ते फुकट गेलेलं नाही. बघच तू.

किल्लीची वाट पाहतेय.

शेपूट

१७ मार्च, रविवार

दादा,

डोळे सुधारले. आई नाही.

लाली गेली, पाणी थांबलं, मशीनखाली थर टिकतोय. डॉक्टरबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी उड्या मारतच घरी आले, तर आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. कामावर जाते, येते, आडवी होते. केस विंचरत नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या बायकांच्या घोळक्यात बसत नाही. विचारलं, "थेंब घातलेस?" "घातले." "झोप लागली?" "कुठली."

मला वाटलं होतं, मी एक नस पकडलीय आणि बाकीचं आपोआप सुटेल. सुटलं नाही. मनाला सवय लागली होती, दादा. डोळ्यांनी वाट दाखवली असेल किंवा उलटही असेल. पण आता ते स्वतःच्या पायांनी चालतंय, खालच्या दिशेने.

आणि आता नवीनच अडचण. "डोळे बरे झाले ना?" बाबा विचारतात. "पाणी थांबलं ना? मग आता कसलं दुखणं? उगाच लाडावू नकोस तिला." पाणी वाहत होतं तोवर या घरात तिच्या दुखण्याला मान होता. मीच ते थांबवलं, आणि तिच्याकडे दाखवायला काही उरलं नाही.

आज दुपारी बळेच तिचे केस विंचरायला बसले. गुंता सोडवता सोडवता विचारलं, "आई, तू खरंच दादासाठी रडायचीस का गं?"

तिने मांडीवर गळलेले केस बोटाला गुंडाळले. मग म्हणाली, "पहिल्यांदा रडले असेन. मग नाही. डोळे नुसते वाहायचे. पण जो तो म्हणायचा, मुलासाठी झुरते बिचारी. कारखान्यात तेच, जिन्यात तेच, घरी ह्यांचंही तेच. मग मलाही वाटायला लागलं, की इतकी रडतेय म्हणजे आत दुःख असणारच. शोधलं की सापडतं गं. आणि एकदा बाहेर काढलं की परत घडी घालून ठेवता येत नाही."

मी फणी खाली ठेवली. डॉक्टरबाईंनी मला सांगून ठेवलं होतं, हा प्रश्न विचारायला घाबरायचं नाही. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असला तर बाहेर यायला वाट मिळते. म्हणून विचारलं. "मरून जावंसं वाटतं का?"

"मरावंसं नाही गं," ती म्हणाली. "पण उठावंसंही वाटत नाही."

तिला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं मी तिथेच ठरवलं. बाबांना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. हे आपल्या घरात कधी होतं ते तुला माहीत आहे.

"वेड्यांच्या डॉक्टरकडे? माझ्या बायकोला? कारखान्यात कुठलं तोंड दाखवू मी?"

"रोज दाखवता तेच दाखवा, बाबा."

"डॉक्टरीणबाई, तुझं शिक्षण डोळ्यांपुरतं ठेव. तिला काही झालेलं नाही. त्याला येऊ दे. तो आला की दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागते की नाही बघ. आणि तोवर, तो म्हणेल तसं करू."

तू म्हणशील तसं. मी रोज तिच्या उशाशी बसते, पण माझ्या म्हणण्याला किंमत नाही. तू इतक्या लांब कुलूप लावून बसलायस, तर तुझी संमती हवी. मला हे पटत नाही. पण आई माझ्या पटण्यावर थांबू शकत नाही, म्हणून एकदाच लवून मागते. बाबांना फोन कर. त्यांना एवढंच म्हण, की आईला घेऊन जा. त्यांच्याशी गोड बोलू नकोस हवं तर, माफी मागू नकोस, परत येतो म्हणू नकोस. फक्त तेवढं म्हण.

पुढच्या रविवारपर्यंत थांबते. त्यानंतर कुणासाठीच नाही.

शेपूट

७ एप्रिल, रविवार

दादा,

फोन आला नाही. मी आईला घेऊन गेले.

चोरून नाही. चष्म्याची सबब नाही. सकाळी बाबांच्या समोर आईला म्हटलं, "चल, मनाच्या डॉक्टरांकडे जायचंय." बाबा म्हणाले, "या घरात माझा शब्द चालतो की नाही?" मी म्हटलं, "चालतो. आज आईचा चालू दे." आणि आम्ही दोघांनीही आईकडे पाहिलं. मला वाटलं, ती भिंतीकडे वळणार. तसं झालं असतं तर पुढे काय करायचं, ते मी ठरवलंच नव्हतं. हे बाबांना कळलं नसावं, तुलाही सांगणार नव्हते.

आईने चपला घातल्या. तेवढंच तिचं उत्तर.

डॉक्टर वयस्कर आहेत, हळू बोलतात. त्यांनी तिला पुष्कळ विचारलं. येताना ती म्हणाली, "त्यांनी विचारलं, तुम्हाला काय काय आवडायचं? मला आठवेचना गं. शेवटी सांगितलं, डबे न घासणं." आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. लोक बघत होते. बघू देत.

आजाराला त्यांनी नाव दिलं: नैराश्य. हा आजार आहे, हट्ट नाही, असं तिला दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा मान डोलावली, जणू कुणी तिची बाजू मांडतंय. औषध लिहायला घेतल्यावर मी अडवलं. अशा काही औषधांनी डोळे आणखी कोरडे पडतात, हे मला माहीत होतं. "तुम्ही आमच्या डॉक्टरबाईंशी बोला," मी म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी आधीच फोन लावून त्यांच्यापुढे धरला होता. दोघं बोलले, औषध दोघांच्या विचाराने ठरलं. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं म्हणे. एकाकडे डोळ्यांचा माणूस येतो, दुसऱ्याकडे मनाचा, तो एकच आहे हे कुणी एकमेकांना कळवत नाही.

मग त्यांनी विचारलं, "झोपता कुठे?" आईने सांगितलं: पंखा, टीव्ही, उजेड. ते म्हणाले, "औषध आपलं काम करेल, पण झोपायला जागा लागते, ती मी कागदावर लिहून देऊ शकत नाही. घरात दुसरी खोली नाही का?"

आई म्हणाली, "नाही."

दादा, ती "बंद आहे" म्हणाली नाही. "नाही" म्हणाली.

आज सकाळी बाबा तुझ्या दाराशी उकिडवे बसले होते, तेलाची बुधली घेऊन. आमच्याशी ते बोलत नाहीत, कुलपाशी मात्र काहीतरी पुटपुटत होते. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी घाईघाईने तेलकट फडकं तोंडावरून फिरवलं आणि कपाळावर काळा पट्टा उमटला. तेव्हा मला उमगलं, आणि इतकी वर्षं कसं कळलं नाही याचं नवल वाटलं. तुझ्यासाठी रडायचं होतं ते बाबांना. त्यांना ते जमत नाही, म्हणून त्यांनी आईचे डोळे वापरले. "तुझी आई रडते" म्हणजे "मी रडतो". तू मात्र ते निरोप आईचे समजून परत फेकत राहिलास.

म्हणून मी त्यांना माफ केलं, असं समजू नकोस. आईची झोप त्यांनी तुझ्या नावाने राखून ठेवलीय. तुझी आठवण त्यांनी कुठेही ठेवावी. आईच्या गादीच्या जागी नाही.

कुलपाचं मी बघते.

शेपूट

२१ एप्रिल, रविवार

दादा,

या पत्राबरोबर एक खोकं आलं असेल. तुझं आहे. आधी पत्र वाच.

गेल्या रविवारी न्याहारी झाल्यावर मी बाबांच्या हत्यारांच्या पेटीतून लोखंड कापायची करवत घेतली आणि तुझ्या दारापुढे बसले. बाबा समोर खुर्चीत होते. आई त्यांच्या मागे, पदराला हात पुसत. मी कापायला लागले. पातं नुसतं घसरत होतं. कुलपावर ओरखडे, माझ्या बोटांना खरचटलेलं, कानाला नको नको होणारा आवाज. मी थांबले नाही. डोळ्यांत घाम गेला, तो बाह्यांनी पुसला, परत लागले. मनात म्हणत होते, संध्याकाळ होऊ दे, उद्या होऊ दे, हे मी कापणार.

बाबा उठले. मला वाटलं, हात धरतील. त्यांनी करवत माझ्या हातातून काढून घेतली.

"पातं उलटं बसवलंयस," ते म्हणाले.

त्यांनी मागचा नट सैल केला, पातं फिरवलं, दात पुढच्या बाजूला करून घट्ट केलं, अंगठ्याने ताण बघितला. जन्मभर कारखान्यात यंत्रं जोडलेला माणूस. चुकीचं धरलेलं हत्यार त्यांना बघवलं नाही, की आणखी काही बघवलं नाही, मला माहीत नाही. मग ती करवत त्यांनी परत माझ्याच हातात दिली.

"पुढे ढकलताना जोर. मागे ओढताना नाही. काप."

आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या तेलामुळे कुलूप आतून नव्यासारखं होतं. तरी तुटलं.

आत काय होतं, सांगू? ज्यासाठी एवढं राखलं ते? जाळी, धूळ, अर्धवट सोडलेल्या अभ्यासक्रमाची पुस्तकं, बंद पडलेला रेडिओ, तुझे डंबेल आणि एक मोजा. एकच. दुसरा तू घेऊन गेलास की काय?

आई उंबऱ्यात उभी राहिली. "त्याला आवडणार नाही," ती म्हणाली.

"नाहीच आवडणार," मी म्हटलं.

तिने आत नजर फिरवली. कोपरे, खिडकी, छत. घारीची नजर, कितीतरी दिवसांनी. मग म्हणाली, "पंख्याचं तोंड भिंतीकडे कर. डोळ्यांवर वारा यायला नको."

आम्ही दोघींनी झाडलं, पुसलं, खिडकीला जाड पडदा लावला. त्याच दुपारी ती मलम घालून तिथे आडवी झाली आणि दिवे लागेपर्यंत उठली नाही. बाबा तीनदा दाराशी जाऊन आले. तिसऱ्यांदा परत येऊन त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ऐकू न येण्याइतका कमी. चित्रं बघत बसले.

आई बरी झाली, असं मी म्हणणार नाही. मागे एकदा फुशारकी मारून बसलेय. काही दिवस ती उठते, काही दिवस नाही. औषध चालू आहे, थेंब चालू आहेत, दोन्ही डॉक्टर एकमेकांना फोन करतात. पण झोपते. आणि परवा जेवणाच्या सुट्टीत ती परत बायकांच्या घोळक्यात बसली. कुणीतरी समोर येऊन बसली, "चल घारे, होऊन जाऊ दे." आईने तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि मग सावकाश, मुद्दाम, वरची पापणी खालच्या पापणीला टेकवली. सगळ्या ओरडल्या, "घार हरली!" तिने सगळ्यांचे डबे घासले. घरी येऊन मला सांगताना म्हणाली, "एकीच्या डब्याला वास येतो गं. इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं."

मुकादमाने तिला तपासणीवर परत बोलावलंय. ती म्हणाली, "लाल बटण माझ्या हाताशी बसवून देत असाल, तर येते." त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. तीही घड्या घालत बसलीय. तिला घाई नाही.

तर दादा, खोक्यात तुझी पुस्तकं आहेत, रेडिओ आहे, मोजा आहे. डंबेल टपालवाले घेईनात. ते आई पडद्याला वजन म्हणून वापरते. किल्ली तुझ्याकडेच असू दे. ती आता कशालाच लागणार नाही.

तुझ्यावर राग आहे का? आहे. पण तो घेऊन तुझ्यामागे धावायचं मी थांबवलंय. यायचं असेल तर ये. बाबांना बरं वाटेल. आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी रडले तर माझ्याकडे थेंब आहेत. फक्त आईला बरं करायला म्हणून येऊ नकोस. ते काम चालू आहे. आणि तुझी गादी बाहेरच्या खोलीत असेल, टीव्हीसमोर, पंख्याखाली. मी ती आजच उन्हात घालून, झटकून ठेवलीय.

आतल्या खोलीला आता बाहेरून कुलूप लागत नाही. तो कोयंडाच मी उपटून टाकला आणि दाराला आतून कडी बसवली. बाबांना हात लावू दिला नाही. स्क्रू जरा वाकडे गेलेत, पण कडी घट्ट बसते.

तुझी बहीण